दुसरी उडी

बॅरो क्रीक, नॉर्थ कॅरोलिना
सोमवार, १४ सप्टेंबर २००९

प्रिय व्हर्ना,

तू आणि घरची सगळी ठीक असाल असं धरून चालते. मी बरी आहे. गुडघे गेलेत, डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी खारवलेलं डुकराचं मांस बंद केलंय, म्हणजे जगायला फारसं काही शिल्लक ठेवलेलं नाही. पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू हे फोडलंस, त्याबद्दल आभार. फोडलं नसशील तर मी भिंतीशी बोलते आहे, आणि त्याचीही मला आता सवय झाली आहे.

तुझा ओहायोचा आत्ताचा पत्ता कर्टिसने दिला. त्याच्यावर रागावू नकोस. गेल्या महिन्यात त्याचं पत्र आलं, जन्मात पहिलंच. 'आत्या' म्हणून सुरुवात केली होती. मी ते पत्र डब्यात ठेवलं, काढलं, पुन्हा ठेवलं. स्वतःची कंपनी, लहान मुलगी, गेल्या हिवाळ्यातला गुडघाभर बर्फ असं सगळं लिहून झाल्यावर शेवटी त्याने एकच प्रश्न विचारला होता. 'बाबांनी दुसरी उडी का मारली? आई म्हणते, त्यांना घरापेक्षा टाळ्या जास्त प्रिय होत्या. तुम्ही तिथे होतात, तुम्ही सांगा.'

तीन ऑक्टोबरला तो मुलीला घेऊन इथे सिनेमा बघायला येतो आहे. समोर उभा राहिला की मला काहीतरी बोलावं लागेल. पण हॉलिस माझा धाकटा भाऊ होता तसा तुझा नवरा होता, आणि ते उत्तर ऐकण्याचा पहिला हक्क तुझा आहे. म्हणून हे पत्र. तीन आठवडे मी रोज ते सुरू करते, 'प्रिय व्हर्ना' लिहिते आणि भांडी घासायला उठते. माझी भांडी इतकी स्वच्छ कधीच नव्हती.

तर आधी इकडच्या बातम्या. आपला सिनेमावाला प्रुइट जाऊन नऊ वर्षं झाली. शेवटपर्यंत तसाच होता. दवाखान्यातल्या नर्सला म्हणाला, तुझा चेहरा चांगला आहे, किंचाळता येतं का? गाडीत बसून सिनेमा बघायच्या त्याच्या तीन ड्राइव्ह-इनपैकी दोन मोडली. आपल्या इथलं मात्र उभं आहे. शनिवारी-रविवारी तिथे जुन्या सामानाचा बाजार भरतो, लोक गाड्या लावायच्या उंचवट्यांवर टेबलं मांडून फुटके दिवे विकतात. पडद्याच्या खालच्या कोपऱ्यातले पत्रे उडाले आहेत आणि आत कबुतरं राहतात.

आणि त्या पडद्यावर ते आता 'खिंडीतला सैतान' दाखवणार आहेत. आपला 'खिंडीतला सैतान'. तुला आठवत असेल, एक उन्हाळा चालला की प्रुइट तोच सिनेमा नवं नाव आणि नवं पोस्टर लावून परत सोडायचा. पुढे तो 'बेड्या आणि बंदुका' झाला, त्यापुढे आणखी काहीतरी झाला, ज्यात पोस्टरवर एक अर्धवट कपड्यातली बाई होती जी सिनेमात कुठेच नाही. लोक दुसऱ्यांदा येऊन गाडीत बसायचे, पंधरा मिनिटांनी त्यांच्या लक्षात यायचं की हे पाहिलेलं आहे, तरी कोणी उठून जायचं नाही. पॉपकॉर्न घेतलेलं असायचं.

भांडी खरंच राहिली आहेत. उद्या लिहीन.

बुधवार

काल लिहिलं नाही. चर्चमधल्या बायकांचं जेवण होतं, माझ्याकडे केळ्याचं पुडिंग होतं. तुझ्यासारखं जमत नाही. सगळ्या गोड बोलून थोडं थोडं घेतात आणि मी अर्धं भांडं घरी आणते.

सिनेमा कोण दाखवतंय ते सांगायचं राहिलं. टेरेसा नावाची एक बाई आहे, विद्यापीठात जुन्या फिती जपण्याचं काम करते. चाळिशीची, तीन मुलांची आई, बोलायला साधी. प्रुइटच्या मुलाने गोदाम रिकामं केलं तेव्हा डबे तिने उचलले. मला शोधत घरी आली. मी दारातूनच म्हटलं, 'बाई, त्या सिनेमात काही राम नाही. आम्ही तो सतरा दिवसांत उरकला.' ती म्हणाली, 'म्हणूनच तर.'

मला वाटलं होतं ही हसायला आली आहे. नव्हती. स्वयंपाकघरात बसून दोन तास बोलली. तिचं म्हणणं असं, की मोठ्या सिनेमात सगळं खोटं करायला पैसा असतो. तुमच्याकडे नव्हता, म्हणून तुमच्याकडे धूळ खरी आहे, गाडी खरी आहे, डेप्युटी शेरीफ खरा डेप्युटी शेरीफ आहे, ज्याला दोन ओळी पाठ होत नाहीत. माणूस पडतो तेव्हा पडतो.

तिचं खोटं नव्हतं. तू आणि मी किती उन्हाळे त्या गाड्यांत काढले! खिडकीला तो स्पीकर टांगायचा, डासांची उदबत्ती लावायची, आणि समोर कोणीतरी करवत घेऊन कोणाच्या तरी मागे पळायचं. चांगलं कोणीच म्हणत नव्हतं त्याला. पाद्री प्रवचनात नाव घेऊन झोडायचा आणि शुक्रवारी मागच्या रांगेत त्याची गाडी असायची. मी तिसरीच्या वर्गाला शिकवणारी अविवाहित बाई, दिवसभर 'हात धुवा', 'ओळीत उभे राहा'. तिथे दीड तास कोणी मला चांगलं वागायला सांगत नव्हतं. पडद्यावरचे लोक आपल्यासारखं बोलायचे, आपल्यासारख्या घाणेरड्या अंगणात राहायचे आणि चिडले की खरंच काहीतरी करायचे. मला फार आवडायचं ते. कोणाला सांगितलं नाही इतकंच.

म्हणून प्रुइटने इथेच सिनेमा काढायचं ठरवलं आणि वहीवाली बाई हवी म्हणाला, तेव्हा मी शाळेतून रजा घेतली. हॉलिस तर आधीच हिरोच्या जागी गाड्या हाणत होता त्याच्यासाठी. तू अठ्ठावीस माणसांचं जेवण करायचीस, कडेवर कर्टिस. सगळ्यांत सुखाचे दिवस होते ते माझे. आज हे तुला लिहिताना लाज वाटते, पण होते.

माझं काम तुला कधी नीट सांगितलं नाही बहुतेक. सिनेमा सलग काढत नाहीत. सकाळी शेवट काढतात, दुपारी सुरुवात. मग एका तुकड्यात हिरोची टोपी डोक्यावर आणि पुढच्यात हातात, असं व्हायला नको, यासाठी एक माणूस सगळं टिपून ठेवतो. टोपी, सिगारेटची लांबी, बटणं, गाडीची काच. ते माझं काम. दुसऱ्याच आठवड्यात माझ्याकडून एक टोपी सुटली. प्रुइट सगळ्यांसमोर म्हणाला, 'मास्तरीणबाई, पोरांच्या वह्या तपासता तशी जरा आमचीही तपासा की.' सगळे हसले. हॉलिसही हसला. तू बिस्किटं वाढत होतीस, तूही हसलीस.

मला ते फार लागलं. इतकं लागण्यासारखं नव्हतं.

गेल्या शनिवारी दुपारी टेरेसा मला ग्रीन्सबरोला घेऊन गेली. तिथे एका जुन्या थिएटरात असले सिनेमे एकापाठोपाठ एक दाखवत होते आणि आपला दोन वाजता होता. चारशे माणसं. बहुतेकांचा जन्म हॉलिस गेल्यावरचा. अंगात छापील टी-शर्ट, त्यांवर आपल्या सिनेमाचं पोस्टर. मी मधल्या रांगेत, मांडीवर पर्स.

ओढ्यावरच्या उडीचा भाग आला. तुला माहीत आहेच, आधी हिरो खिडकीतून शेरीफच्या गाडीवर बाटली फेकतो. मग गाडी ओढ्यावरून उडते. मग पलीकडे उतरल्यावर हिरो खिडकीतून अर्धा बाहेर येऊन टोपी हलवतो. आणि मधल्या तुकड्यात, उडताना, गाडीची काच वर आहे. पूर्ण बंद.

बाटली फेकली आणि सगळं थिएटर गप्प झालं. गाडी हवेत गेली, आणि चारशे माणसं एका आवाजात ओरडली, 'काच वर!' गाडी उतरली, हिरो बाहेर आला, आणि 'काच खाली!' मग टाळ्या, शिट्ट्या, पाय आपटणं. माझ्या शेजारच्या मुलीने माझा हात धरला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होती. म्हणाली, 'आजी, आख्ख्या सिनेमातली ही माझी सगळ्यात लाडकी जागा आहे.' तिच्या टी-शर्टवर पाठीमागे 'काच वर' हेच दोन शब्द होते.

टेरेसाने नंतर सांगितलं की जिथे जिथे हा सिनेमा लागतो तिथे असंच होतं. त्या काचेमुळेच तो लोकांना माहीत आहे. नाहीतर असले चारशे सिनेमे निघाले त्या काळात.

मी प्रसाधनगृहात जाऊन बराच वेळ बसले. व्हर्ना, मला आज आणखी लिहवत नाही.

गुरुवार सकाळ

चहा समोर आहे. भांडी काल रात्रीच घासून ठेवली, म्हणजे उठायला निमित्त नको.

तू माझ्याशी बोलणं का टाकलंस ते मला माहीत आहे. हॉलिसला पुरून दहा दिवस झाले नव्हते आणि मी परत सेटवर जाऊन सिनेमा पुरा केला. ऑगस्टमध्ये तो आपल्याच ड्राइव्ह-इनला लागला आणि त्याची उडी गावाने हॉर्न वाजवून पाहिली. पुढच्या आठवड्यात तू कर्टिसला घेऊन ओहायोला भावाकडे गेलीस. जाताना माझ्या दारात उभी राहून म्हणालीस, 'आर्डिथ, तुझ्यात काळीज नाही, वही आहे.' मी उत्तर दिलं नाही, आणि तुला वाटलं की ते मला लागलं. लागलं होतंच. पण मी गप्प राहिले ते सुटले म्हणून. तू माझ्यावर चुकीच्या कारणाने रागावली होतीस, आणि ते कारण मला पेलणारं होतं.

आता खरं सांगते.

सतरा मे, शुक्रवार. तू सेटवर नव्हतीस, कर्टिसचा कान ठणकत होता. सकाळी हॉलिस तुला सांगून निघाला होता की एक उडी आणि चारच्या आत घरी. दुपारी दोनला त्याने उडी मारली. सुंदर मारली. चाकं मऊ टेकली, चिखल दोन्ही बाजूंना उडाला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. प्रुइट 'झालं, पुढे चला' म्हणाला. मी वहीत बघितलं. बाटली फेकायचा तुकडा बुधवारी काढला होता, त्यात काच खाली. हॉलिसने चिखल तोंडावर येईल म्हणून काच वर केली होती.

मी म्हटलं, 'काच वर होती. जुळणार नाही.'

प्रुइट हसला. म्हणाला, मास्तरीणबाई, अर्धे लोक मुके घेत असतात आणि उरलेले हॉट डॉगच्या रांगेत. कोण बघतंय काच? चला आवरा. कॅमेऱ्यावाला डबा बंद करायला लागला होता. व्हर्ना, प्रुइटने दुसरी उडी मागितली नव्हती. हॉलिसनेही नाही. तो ओढ्याच्या पलीकडून चालत आला, हेल्मेट काखेत. मी त्याला सांगितलं की पुन्हा करावं लागेल.

तो म्हणाला, 'ताई, कशाला गं? झकास झालीय. व्हर्ना वाट बघतेय.'

मी म्हटलं, 'लोक हसतील.'

'हसू दे की.'

'तुला नाही हसणार. मला हसतील. एकदा नीट कर, आणि जा.'

हे शब्द मी पस्तीस वर्षं घोळवते आहे, त्यामुळे इकडचा तिकडे झालेला नाही. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता, मी तेरा. बुटाची नाडी बांधायला मी शिकवलं, चमचा कसा धरायचा मी शिकवलं. 'नीट कर' म्हटलं की तो करायचा. मोठा झाला, लग्न झालं, ताशी शंभरने गाडी हाकायला लागला, तरी करायचा. त्याने प्रुइटकडे बघून खांदे उडवले आणि म्हणाला, 'ताईचं म्हणणं आहे तर करू.' प्रुइटने घड्याळ बघितलं आणि कॅमेरा परत लावायला सांगितला. मला त्या क्षणी बरं वाटलं होतं. सगळे माझ्या सांगण्यावरून थांबले होते.

ज्यावरून गाडी उडायची तो मातीचा चढ पहिल्या उडीने कडेला खचला होता. कोणी पाहिला नाही. तो पाहणं हॉलिसचंच काम असायचं, दर वेळी चालत जाऊन टाचेने दाबून बघायचा, आणि त्या वेळी त्याला घाई होती. गाडी तिरकी उडाली आणि पलीकडच्या काठाला नाकावर आदळली. काच त्याने खाली केली होती, माझ्या सांगण्याप्रमाणे. पुढचं तुला माहीत आहे. अ‍ॅम्ब्युलन्स यायच्या आत गेला. माझा हात त्याच्या मानेखाली होता, आणि तो काही बोलला नाही.

अंत्यविधीच्या दिवशी तुमच्या अंगणात कोणीतरी, बहुतेक कॅमेऱ्यावाल्याचा भाऊ, म्हणाला, 'हॉलिसलाच पुन्हा मारायची होती, त्याला ठाऊकच होतं टाळ्या कशा घ्यायच्या.' चांगल्या मनाने म्हणाला, मेलेल्या माणसाचं कौतुक म्हणून. तू वळून माझ्याकडे बघितलंस. तोंडाने विचारलं नाहीस. मी होय म्हणून मान हलवली.

एवढंच केलं मी. एकदा मान हलवली. प्रुइट पलीकडे उभा होता, त्याने पाहिलं आणि तोही काही बोलला नाही, मरेपर्यंत. तू आत गेलीस आणि स्वयंपाकघरात कोणालातरी म्हणालीस, 'म्हणजे मी आणि पोर त्याला पुरेसे नव्हतो.' मी खिडकीबाहेरून ऐकलं. तेव्हा आत येऊन बोलता आलं असतं. ऑगस्टमध्ये माझ्या दारात बोलता आलं असतं. रागावूनही तू नाताळची कार्डं पाठवायचीस ती दोन वर्षं बोलता आलं असतं. मी घाबरले, आणि मग घाबरणं जुनं झालं, आणि जुनं झालं की ते घरातल्या सामानासारखं दिसेनासं होतं.

सिनेमा पुरा केला तोही त्या भीतीपोटीच. दुसऱ्या उडीची फीत प्रुइटने जाळली. पहिली लावली, काच वर असलेली. मी जोडणीच्या टेबलाशी बसून म्हटलं, जुळत नाही. मला तेव्हाही तेच सुचलं, बघ. प्रुइटने माझ्याकडे जे पाहिलं ते मी विसरणार नाही.

वहीतलं ते पान सोबत पाठवते आहे. टेरेसाने वही मागितली होती, मी जळाली म्हणून सांगितलं. अक्षर माझं आहे. 'उडी एक. उत्तम. काच वर. पुन्हा.' जपून ठेव नाहीतर जाळ, मला परत नको.

माफी मागत नाही. मागायची लायकी नाही म्हणून नव्हे. मागितली की तुला काहीतरी द्यावं लागेल, आणि माझ्यामुळे तू आधीच पुष्कळ दिलं आहेस. पस्तीस वर्षं तू एका माणसावर रागावलीस ज्याने तसं काही केलं नव्हतं, आणि पोराला त्याच रागावर वाढवलंस. तो राग माझा होता. आता माझ्याकडे पाठव. कर्टिसला तू सांगावंस की मी, ते तू ठरव. तू काहीच कळवलं नाहीस तर तीन तारखेला मी त्याच्या गाडीत बसेन आणि सिनेमा सुरू व्हायच्या आधी, उजेडात, त्याला सगळं सांगेन. त्या मुलीसमोर नाही. तिला कोणाकडे तरी ठेवायला सांग.

एक गोष्ट राहिली, आणि इतकं सगळं लिहूनही ती लिहायला हात उचलत नाही.

गाडीत बसताना हॉलिसने मला हाक मारली. ओढ्यापासून अर्ध्या मैलावर पिटमनच्या दुकानात फोन होता. तो म्हणाला, 'ताई, जरा जाऊन व्हर्नाला फोन कर. म्हणावं थोडा उशीर होतोय, जेवण झाकून ठेव. निघालोच.' मी म्हटलं, एवढी उडी बघते आणि जाते.

मी गेले नाही. कोणालाच सांगितलं नाही. त्याचा निरोप तुला द्यायचा राहिला होता, तो आज देते आहे.

आर्डिथ